सूर, शब्द आणि एक जुनी शंका

संत ऑगस्टीन यांनी आपल्या 'कन्फेशन्स' या आत्मनिवेदनाच्या दहाव्या खंडात स्वतःच्या इंद्रियांची एकेक करून झडती घेतली आहे. चौथ्या शतकाची अखेर होती. उत्तर आफ्रिकेतील हिप्पो नगरीचे ते बिशप झाले होते आणि धर्मांतराला दहा-बारा वर्षे लोटली होती. रसना आणि गंध यांचा हिशेब चुकता करून ते कानांकडे वळतात, आणि तेथे हा प्रखर बुद्धीचा मनुष्य अडखळतो. मिलान शहरी ख्रिस्तसभेची स्तोत्रे ऐकून आपल्या डोळ्यांतून घळघळा अश्रू वाहिले होते, हे ते विसरू शकत नाहीत. पण त्याच वेळी एक शंका त्यांना टोचते. ते अश्रू स्तोत्रातील सत्यामुळे आले की स्तोत्राच्या चालीमुळे? बुद्धीने पुढे चालावे आणि इंद्रियांनी तिच्या मागून यावे, असा त्यांचा क्रम. गाण्याच्या वेळी मात्र इंद्रिये पुढे धावू पाहतात. गायिलेल्या गोष्टीपेक्षा गाणेच मनाला अधिक हलवून गेले, असे जेव्हा घडते तेव्हा आपल्या हातून पाप घडले असे ते मानतात. त्यापेक्षा गायकाचा आवाज कानी न पडलेला बरा, असेही म्हणतात. अलेक्झांड्रियाचे बिशप अथानासियस हे स्तोत्रे इतक्या सपाट सुरात म्हणवून घेत की ती गाण्यापेक्षा बोलण्याच्या जवळ जात, याची त्यांना आठवण होते. तेच अधिक सुरक्षित नव्हे काय? शेवटी ते गायनाच्या बाजूने कौल देतात खरे, पण तो ठाम नव्हे. मत बदलण्याची मोकळीक ठेवून तो दिलेला आहे.

आजच्या वाचकाला ही शंका अतिरेकी वाटण्याचा संभव आहे. रविवारच्या मिस्सेत गायकवृंदाने उत्तम गायिले म्हणून कोणी पापनिवेदनाला जात नाही. तरीही ती आम्हांला क्षुल्लक वाटत नाही, कारण तिच्या मुळाशी असलेला प्रश्न गायनापुरता नाही. माणसाच्या ठायी अर्थ जाणणारे जे काही आहे आणि सुराने द्रवणारे जे काही आहे, त्यांचे परस्परांशी नाते कोणते? एक धनी आणि दुसरा चाकर, असे आहे काय? तसे असेल, तर ज्याच्या घरातून धनी निघून गेला आणि केवळ चाकर मागे राहिला, अशा माणसाच्या प्रार्थनेचे काय? हा शेवटचा प्रश्न ऑगस्टीन यांनी विचारलेला नाही. तो आमचा आहे, आणि तो केवळ कल्पनेतला नाही हे पुढे दिसेल.

ख्रिस्तसभाही या बाबतीत शतकानुशतके मागेपुढे होत आली. ट्रेंट येथील परिषदेच्या वेळी, १५६२ साली, बहुस्वरी गायनात शब्द बुडून जातात अशी तक्रार पुढे आली. पालेस्त्रिना यांनी आपल्या एका मिस्सारचनेने त्या वेळी संगीताला वाचविले अशी सुंदर कथा पुढे रूढ झाली. इतिहासकार तिच्यावर फारसा विश्वास ठेवीत नाहीत. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषेला वाट करून दिली. त्यापूर्वीच्या आमच्या पिढ्यांनी लॅटिन स्तोत्रे तोंडपाठ केली आणि खड्या आवाजात गायिली. त्यांतील शब्दन् शब्द समजणारा माणूस गावात बहुधा एकच असे, तो म्हणजे वेदीपाशी उभा असलेला धर्मगुरू. त्या पिढ्यांनी प्रार्थना केलीच नाही, असे म्हणण्याचे धाडस आम्हांला होत नाही. मग त्यांनी नेमके काय केले?

या प्रश्नाचे उत्तर मेंदूविज्ञान देईल अशी अपेक्षा आम्ही बाळगत नाही. पण ज्या गृहीतावर ऑगस्टीन यांची शंका उभी आहे, म्हणजे शब्द हा गाभा आणि सूर हे वरचे लेणे, ते तपासून पाहण्याची सोय आज झाली आहे. या कामात ज्यांनी हयात घालविली त्यांत रॉबर्ट झाटोरे यांचे नाव अग्रभागी येते. अर्जेंटिनातील ब्युनोस आयर्स येथे वाढलेले झाटोरे यांनी बोस्टन विद्यापीठात संगीत आणि मानसशास्त्र या दोहोंचा अभ्यास केला. ऑर्गनवादन हा त्यांचा जुना ध्यास. १९८० च्या दशकाच्या आरंभी ते कॅनडातील माँट्रियल येथे, मॅकगिल विद्यापीठाच्या मेंदूविकार संस्थेत, ब्रेंडा मिल्नर यांच्या हाताखाली काम करू लागले. मिल्नर यांनी १९६२ साली एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली होती. अपस्मारावरील शस्त्रक्रियेत ज्यांच्या उजव्या कानशिलाच्या आतील मेंदूचा भाग काढावा लागला, त्यांना सुरावट लक्षात ठेवणे आणि नादाचा पोत ओळखणे जड जात होते. डाव्या बाजूची शस्त्रक्रिया झालेल्यांना तसे होत नव्हते. वाणीचे ठाणे डावीकडे आहे हे तर १८६१ पासून, म्हणजे पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात पॉल ब्रोका यांनी केवळ 'टान' एवढाच उच्चार करू शकणाऱ्या रुग्णाचा मेंदू तपासला तेव्हापासून, सर्वमान्य होत गेले होते. झाटोरे यांच्यापुढे प्रश्न उरला तो 'का?' हा.

त्यांनी दिलेले उत्तर समजून घेण्यासाठी क्षणभर आपल्याच भाषेकडे वळू. 'टाळ' आणि 'डाळ' हे दोन शब्द घ्या. जीभ टाळूला तेथेच टेकते, ओठ तसेच राहतात. फरक आहे तो कंठातील तंतू केव्हा थरथरू लागतात एवढाच, आणि तो सेकंदाच्या काही शतांश भागांचा. एवढ्या सूक्ष्म काळाची नोंद कानाने आणि मेंदूने अचूक घेतली नाही, तर भजन्याच्या हातात डाळ येईल आणि चुलीवर टाळ शिजेल. म्हणजे वाणी कळायची तर काळाची बारीक पारख हवी. आता सूर पाहा. सेकंदाला २४० कंपने हा आपला षड्ज धरला, तर कोमल ऋषभ २५६ च्या आसपास येतो. सोळा कंपनांचा हा फरक ओळखल्याशिवाय सुरावट उभीच राहत नाही. तो ओळखायचा तर नाद थोडा वेळ कानात ठरू द्यावा लागतो. लहरी मोजायला अवधी लागतो. येथे निसर्गाचा एक नियम आड येतो. जे साधन काळाचे अगदी बारीक तुकडे पाडते, त्याला सुराची उंची अंधुक दिसते. जे सुराची उंची बारकाईने मोजते, त्याच्या हातून क्षण निसटतात. दोन्ही गोष्टी एकाच मापाने, एकाच वेळी, पूर्ण अचूक मिळत नाहीत. झाटोरे, पास्कल बेलिन आणि व्हर्जिनिया पेन्यून यांनी २००२ साली असे मांडले की मेंदूने हा पेच कामाची वाटणी करून सोडविला असावा. डाव्या श्रवणकेंद्राने काळ सांभाळावा, उजव्याने सुराची उंची.

मांडणी देखणी होती, पण तिची खरी कसोटी गाण्यावरच होणार होती, कारण गाण्यात शब्द आणि सूर एकाच कंठातून, एकाच श्वासावर येतात. ही कसोटी २०२० साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. फिलिप अल्बुई, झाटोरे आणि त्यांचे सहकारी यांनी दहा वाक्ये आणि दहा चाली घेतल्या. प्रत्येक वाक्य प्रत्येक चालीत बसवून शंभर लहान गाणी तयार केली आणि ती एका गायिकेकडून वाद्यांच्या साथीविना गाऊन घेतली. मग त्या ध्वनिमुद्रणांची दोन प्रकारे मोडतोड केली. एका प्रकारात काळाचा बारकावा पुसला, दुसऱ्यात सुराच्या उंचीचा. पन्नासाच्या आसपास श्रोत्यांना, त्यांत फ्रेंच भाषक होते तसे इंग्रजी भाषकही होते, गाण्यांच्या जोड्या ऐकवून विचारले: शब्द तेच आहेत काय? चाल तीच आहे काय? काळाचा बारकावा पुसला तेव्हा शब्द ओळखता येईनात, पण चाल शाबूत राहिली. सुराचा बारकावा पुसला तेव्हा चाल हरवली, पण शब्द स्वच्छ कळत राहिले. श्रोते ऐकत असता एमआरआय यंत्राने मेंदूचे निरीक्षण झाले, तेव्हा शब्दांची ओळख डाव्या श्रवणकेंद्राच्या हालचालींतून आणि चालीची ओळख उजव्याच्या हालचालींतून वाचता आली.

येथे एक सावधगिरी. 'डाव्या मेंदूची माणसे हिशेबी आणि उजव्या मेंदूची कलावंत' अशा मथळ्याची पुस्तके बाजारात खपतात, शाळांतून त्यावर व्याख्यानेही झडतात. झाटोरे यांच्या संशोधनाचा या भोंदू ज्योतिषाशी काही संबंध नाही. दोन्ही गोलार्ध सदैव एकत्र काम करतात, आणि येथे सांगितलेला भेद ध्वनीच्या एका विशिष्ट गुणाचा आहे, माणसांच्या स्वभावाचा नव्हे.

मग या प्रयोगातून आमच्या हाती काय येते? ऑगस्टीन यांच्या मनातील चित्र असे दिसते की आधी शब्द आहे, त्याला सत्य चिकटलेले आहे, आणि सूर ही वर पांघरलेली शाल आहे, जी कधी कधी अंगापेक्षा अधिक डोळ्यांत भरते. प्रयोगशाळेतील चित्र वेगळे आहे. एकाच आवाजाचे दोन वाचक आहेत, आणि दोघेही तो पहिल्या क्षणापासून वाचू लागतात. सूर शब्दाला नंतर जोडलेला नाही. बुद्धीच्या मागून यायचे सोडून तो पुढे धावला, या आरोपातील 'मागून' आणि 'पुढे' हे शब्दच सैल पडतात. अर्थात यावरून सुराने हलणे हे निष्पाप आहे असे सिद्ध होत नाही. मेंदूत एखाद्या गोष्टीला जागा आहे म्हणून ती गोष्ट चांगली ठरत नाही. क्रोधालाही मेंदूत जागा आहे.

किंबहुना झाटोरे यांच्याच दुसऱ्या एका संशोधनाने ऑगस्टीन यांच्या शंकेला बळ मिळते, असे कोणी म्हणू शकेल. आवडते संगीत ऐकताना अंगावर रोमांच उभे राहतात त्या वेळी मेंदूत काय घडते, याचा शोध त्यांनी ॲन ब्लड यांच्यासह २००१ साली घेतला. पुढे २०११ मध्ये वॅलोरी सलीमपूर आणि त्यांनी दाखविले की त्या वेळी डोपामीन हे द्रव्य स्रवते. उत्कट क्षण येण्याआधी, नुसत्या प्रतीक्षेतही स्रवते. भुकेल्याला अन्न मिळाल्यावर मेंदूतील जी केंद्रे जागी होतात, त्यांच्याशी या केंद्रांचे जवळचे नाते आहे. म्हणजे ऑगस्टीन यांनी कानाच्या सुखाचा विचार जिभेच्या सुखापाठोपाठ केला, त्याला शरीरशास्त्राचीही साक्ष मिळाली म्हणायची! मिस्सेतल्या गाण्याने कंठ दाटून येतो तेव्हा पवित्र आत्म्याने स्पर्श केला की डोपामीनने, असा खोचक प्रश्न आमची शिकलेली मुले विचारतात. आम्हांला तो प्रश्न चुकीच्या ठिकाणी 'की' घालणारा वाटतो. आईने जवळ घेतल्यावर मुलाच्या शरीरात जे काही स्रवते, त्याने आईचे प्रेम खोटे ठरत नाही. मात्र रोमांच हा भक्तीचा पुरावाही नव्हे, हे ऑगस्टीन यांचे म्हणणे तेवढ्याच ठामपणे शिल्लक राहते.

ते शिल्लक राहणे आवश्यकही आहे. शंभरात एक-दोन माणसे अशी जन्मतात की त्यांना सुरावट म्हणून काही ऐकूच येत नाही. इझाबेल पेरेत्झ यांनी माँट्रियलमध्ये अशा व्यक्तींचा बारकाईने अभ्यास केला आहे. त्यांचे कान चांगले, बुद्धी चांगली, बोलणे-समजणे उत्तम. पण लहानपणापासून ऐकलेले गाणे शब्दांविना वाजविले तर ते ओळखता येत नाही. याहून निराळी काही माणसे आहेत. त्यांना चाल ओळखता येते, ती दुःखाची की आनंदाची हेही सांगता येते, पण तिच्यापासून कोणताच आनंद होत नाही. खेळात पैसे जिंकले तर मात्र ती इतरांसारखीच हरखतात. बार्सिलोना आणि माँट्रियल येथील संशोधकांनी २०१४ साली या अवस्थेचे वर्णन केले. ज्यांच्या कानात कॉक्लियर इम्प्लांट बसविलेले असते त्यांचीही थोडी अशीच स्थिती. आतल्या कानातील साडेतीन हजारांच्या आसपास संवेदक पेशींचे काम तेथे वीस-बावीस विद्युताग्रांवर भागवायचे असते. त्यामुळे शब्द कळतात, सूर बहुधा पुसट होतो. नाताळच्या मध्यरात्री सारे चर्च गात असता बाकावर गप्प उभा राहणारा एखादा इसम 'कोरडा' आहे, अशी कुजबुज आपल्याकडे सहज होते. त्याच्या कानापर्यंत काय पोहोचते हे कुजबुजणाऱ्याला ठाऊक नसते.

एवढे झाल्यावर ऑगस्टीन यांच्याच दुसऱ्या एका विचाराकडे वळायला हवे. स्तोत्रसंहितेवर त्यांनी केलेल्या प्रवचनांत, तेहतिसाव्या स्तोत्राच्या विवरणात, ते शेतात कापणी करणाऱ्यांची आणि द्राक्षमळ्यात राबणाऱ्यांची आठवण काढतात. ही माणसे आधी शब्दांनी गाऊ लागतात. मग आनंद इतका भरून येतो की शब्द पुरे पडत नाहीत. तेव्हा ती शब्द टाकून देतात आणि नुसता आनंदाचा स्वर काढतात. जो शब्दांत मावत नाही त्या परमेश्वरापुढे याहून योग्य दुसरे काय, असे ऑगस्टीन विचारतात. 'कन्फेशन्स'मध्ये सुराच्या पुढे धावण्याला पाप म्हणणारी लेखणी हीच! आम्हांला यात विसंगती दिसत नाही. खोल विचार करणारा माणूस स्वतःच्या शंकेच्या दोन्ही बाजूंनी फिरून येतो एवढेच दिसते. २०२२ साली सॅम नॉर्मन-हेन्यर यांनी मॅसॅच्युसेट्स येथील नॅन्सी कॅनविशर आणि जॉश मॅकडरमॉट यांच्यासह जे प्रसिद्ध केले, तेही येथे नोंदविण्याजोगे आहे. अपस्मारावरील उपचारासाठी मेंदूत विद्युताग्रे बसविलेल्या रुग्णांना त्यांनी एकशे पासष्ट प्रकारचे आवाज ऐकविले. नुसत्या बोलण्याला फारसा प्रतिसाद न देणारा, नुसत्या वाद्यांनाही न देणारा, केवळ गाण्यालाच उत्कटतेने दाद देणारा एक चेतापेशीसमूह त्यांना आढळला. झाटोरे यांच्या वाटणीत या शोधाने थोडी गुंतागुंत आणली आहे. गाणे म्हणजे शब्द अधिक सूर एवढीच बेरीज नसावी.

आता आमच्या प्रश्नाकडे येऊ. १७४५ साली स्वीडनमध्ये ओलोफ डालिन यांनी एका तरुणाची हकीकत लिहून ठेवली. शेतकऱ्याच्या या मुलाला आजाराचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा पार गेली. बऱ्याच काळानंतरही त्याच्या तोंडून 'होय' यापलीकडे शब्द निघत नसे. पण आजारापूर्वी शिकलेली काही भक्तिगीते तो निरोगी माणसाइतक्याच स्पष्ट उच्चारांनी गात असे. काही प्रार्थनाही त्याला म्हणता येत, एका ठरावीक ठेक्यात आणि उंच आवाजात. वाचाघाताच्या अशा हकीकती पुढे वैद्यकात अनेक जमा झाल्या. उलट बाजूचे उदाहरण रशियन संगीतकार विसारियन शेबालिन यांचे. १९५३ आणि १९५९ साली आलेल्या पक्षाघाताच्या झटक्यांनी त्यांची भाषा मोडून पडली. दुसऱ्याचे बोलणे नीट कळेना, स्वतःचे वाक्य जुळेना. तशा अवस्थेत त्यांनी आपली पाचवी सिंफनी १९६२ मध्ये पुरी केली, आणि पुढच्याच वर्षी ते वारले.

डालिन यांच्या तरुणाच्या मुखातून स्तोत्र उमटत होते. त्याच्या मेंदूची उजवी बाजू शाबूत होती आणि सुराचा धागा धरून शब्द बाहेर येत होते, असे आज कोणीही सांगेल. याच कल्पनेवर १९७३ पासून बोस्टनमधील तज्ज्ञांनी वाचाघातावर गायनातून उपचार करण्याची पद्धत बसविली. मात्र २०११ साली जर्मनीतील बेन्यामिन श्टाल आणि सहकाऱ्यांनी दाखविले की अशा रुग्णांना सुरापेक्षा ठेक्याची आणि शब्दांच्या पाठांतराची मदत अधिक होते. गाण्यातून शब्द निघतात ते बव्हंशी ते शब्द जिभेवर घोटलेले असतात म्हणून. लंडनचे ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी एकोणिसाव्या शतकातच हे हेरले होते. वाचा गेलेले रुग्ण शिव्या देतात, ठरीव उद्गार काढतात, प्रार्थना म्हणतात. पण जॅक्सन यांच्या मते ते बोलणे नव्हे, कारण त्यात काही सांगितले जात नाही. ते आपोआप घडते.

आणि नेमके येथेच घराघरांत खटका उडतो. वाचकांपैकी अनेकांच्या घरी पक्षाघाताने वाचा गेलेली वडीलधारी व्यक्ती असेल किंवा होऊन गेली असेल. सायंकाळी कुटुंब जपमाळेला बसते. दिवसभर पाण्यासाठीही शब्द न सापडणारी आजी 'नमो मारिया'च्या ओघात सगळ्यांबरोबर म्हणू लागते, गीताचे कडवे पुरे करते. घरातील एक जण म्हणतो, चमत्कार झाला. दुसरा म्हणतो, सवय आहे ती, तिला काय कळते आहे! दोघेही घाई करतात असे आम्हांला वाटते. चमत्कार म्हणणाऱ्याने हे जाणावे की गीत आले म्हणून उद्या बोलणे येईलच असे नाही. वाचोपचारतज्ज्ञाकडे नियमाने जाण्याला पर्याय नाही, आणि खोटी आशा त्या आजीलाच अधिक थकविते. 'काय कळते आहे' म्हणणाऱ्याने हे जाणावे की बोलण्याची शक्ती जाणे आणि समजण्याची शक्ती जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अनेक रुग्णांना समोरचे बोलणे बरेचसे कळत असते. त्यांच्यादेखत त्यांच्याविषयी 'आता यांचे काही खरे नाही' अशी बोलणी होतात, तीही कळतात.

पण समजा, आजीला त्या शब्दांचा अर्थ त्या क्षणी खरोखरच कळत नाही. समजा, जॅक्सन म्हणतात तसे सारे आपोआप घडते आहे. तरी ती प्रार्थना आहे काय?

संत थॉमस अक्वायनस यांनी प्रार्थनेतील लक्षाचे तीन प्रकार सांगितले आहेत. एक, शब्द चुकू नयेत म्हणून शब्दांकडे दिलेले लक्ष. दुसरे, शब्दांच्या अर्थाकडे. तिसरे, प्रार्थना ज्याच्याकडे जायची त्या परमेश्वराकडे. यांतील तिसरे सर्वांत आवश्यक आणि ते अक्षरशत्रूलाही साधते, असे ते म्हणतात. शिवाय आरंभीच्या संकल्पाचे बळ, पुढे मन भरकटले तरी, सबंध प्रार्थनेला पुरते. उपासनेतील गायनावर लिहिताना तर त्यांनी ऑगस्टीन यांचीच शंका समोर ठेवली. ऐकणाऱ्यांना काय गायिले जाते हे कळत नसेल तर? थॉमस यांचे उत्तर असे की काय गायिले जाते हे कधी कळले नाही, तरी कशासाठी गायिले जाते हे त्यांना कळते, आणि भक्ती जागी व्हायला तेवढे पुरे आहे. लॅटिन स्तोत्रे गाणाऱ्या आमच्या पूर्वजांनी काय केले, या प्रश्नाचे याहून नेटके उत्तर आम्हांला सापडलेले नाही.

'सवय' या शब्दाकडेही जरा आदराने पाहायला हवे. आजीची सवय आभाळातून पडलेली नाही. कोवळ्या वयात कोणीतरी ते शब्द तिच्या तोंडी घातले. पुढे प्रसूतीच्या कळांत, मुलाच्या तापात, नवऱ्याच्या मृत्युशय्येपाशी ते शब्द तिने स्वतःच्या इच्छेने, पुन्हा पुन्हा उच्चारले. त्या हजारो संध्याकाळींचा संकल्प तिचा होता. आज ते शब्द आपोआप येत असतील, तर त्या आपोआप येण्यातही तिचेच हात राबलेले आहेत. पोपटाच्या बोलण्याला मागे असे आयुष्य नसते. पाठांतर करून म्हटलेल्या प्रार्थनेला दुय्यम समजण्याची, आणि आपल्या शब्दांत केलेली तीच खरी मानण्याची एक रीत अलीकडे आपल्या सुशिक्षितांत आली आहे. स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करणे चांगलेच आहे. पण स्वतःचे शब्द ही माणसाची कायमची मालमत्ता नाही; डाव्या गोलार्धातील एक रक्तवाहिनी बुजली की ती एका रात्रीत जाते. पाठ केलेले त्याहून खोलवर, निराळ्या वाटेने साठविलेले असते.

डालिन यांच्या टिपणात त्या तरुणाविषयी आणखी एक गोष्ट नमूद आहे. स्तोत्र त्याला आपले आपण सुरू करता येत नसे. आरंभी कोणीतरी त्याच्याबरोबर थोडेसे गावे लागे. मग पुढचे तो गात असे.